खेडच्या लढाईत फितूर कोण होता?





'मराठे शत्रूकडून कधीच हरले नाहीत, हरले ते फितुरीमुळे.' हे वाक्य आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकले आहे. शाळेत ऐकले, गणेशोत्सवातल्या व्याख्यानात ऐकले, आणि आता मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी घरांत ते मोबाइलवर भगव्या चित्रासकट येते. खाली फितुरांची यादी असते आणि शेवटी तात्पर्य असते : 'आजही आपल्यात असेच फितूर आहेत, ओळखा त्यांना!' हे 'त्यांना' म्हणजे कोण, ते पाठवणारा लिहीत नाही. लिहायची गरजही नसते. कधी ते मुसलमान असतात, कधी पुरोगामी, कधी दुसऱ्या जातीचे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला तेव्हा ही यादी पुन्हा जोरात फिरली. त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना ज्या प्रकारे दाखवले त्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण तोपर्यंत प्रेक्षक रडून, चिडून घरी पोचले होते. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापले, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली आणि एका माणसाचा जीव गेला. सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या युद्धाचा हिशेब २०२५ साली नागपूरच्या गल्लीत चुकता करायचा, असा हा प्रकार.

म्हणून मला आज एका अशा लढाईबद्दल लिहायचे आहे जिच्यावर कोणी चित्रपट काढत नाही आणि जिची तारीख कोणी साजरी करत नाही. ती म्हणजे १२ ऑक्टोबर १७०७ ची खेडची लढाई. दोन्ही बाजूंना मराठे, दोन्ही बाजूंना भगवा आणि दोन्ही बाजूंना शिवाजी महाराजांचे रक्त. मराठ्यांच्या यादवी युद्धातली ही पहिली मोठी लढाई. त्या दिवशी सेनापतींनी काय केले हे नीट पाहिले तर 'फितुरी' हा शब्द किती पोकळ आहे ते कळते.

१. खेडला काय घडले?

औरंगजेब मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला. जाताना, झुल्फिकारखानाच्या सल्ल्याने, त्याने मे महिन्यात शाहूला सोडले. शाहू हा संभाजी महाराजांचा मुलगा. १६८९ साली रायगड पडल्यापासून तो मोगलांच्या छावणीत होता. त्याची आई येसूबाई मात्र ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिली. हेतू उघड होता : दक्षिणेत मराठ्यांचे दोन राजे झाले की ते आपसात लढतील.

तेव्हा स्वराज्याचा कारभार ताराबाई पाहत होती. राजारामाच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७०० पासून, सात वर्षे तिने औरंगजेबाशी लढा चालवला होता. तिने शाहू हा तोतया आहे असे जाहीर केले आणि सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या.

शाहू खानदेशात उतरला तेव्हा त्याच्याकडे फारसे सैन्य नव्हते. तिथे वऱ्हाडचा परसोजी भोसले त्याला मिळाला. नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर, चिमणाजी दामोदर हेही आले. परसोजीने शाहूबरोबर एका ताटात जेवून तो खरा असल्याची ग्वाही दिली, अशी कथा आहे. लष्करी दृष्टीने परसोजीचे येणे निर्णायक होते. त्याच्या घोडदळामुळे शाहूचा नुसता दावा राहिला नाही, त्याच्यामागे फौज उभी राहिली.

ताराबाईने सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना शाहूवर पाठवले. भीमेकाठी खेडजवळ (आजचे राजगुरुनगर, पुण्यापासून साधारण ४० किलोमीटर) फौजा समोरासमोर आल्या. शाहू खरा की खोटा हे पाहण्याच्या निमित्ताने खंडो बल्लाळ चिटणीस शाहूला भेटून आला आणि खरा आहे असे सांगू लागला. धनाजीच्या हाताखाली वसुलीचे काम करणारा बाळाजी विश्वनाथ भट यानेही धनाजीचे मन वळवले. प्रत्यक्ष लढाईत धनाजी लढलाच नाही, तो शाहूकडे गेला. परशुरामपंत लढला, हरला आणि साताऱ्याच्या किल्ल्यात जाऊन बसला.

साताऱ्याचा किल्ला शेख मिरा नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती होता. शाहूच्या माणसांनी त्याची बायकामुले वाईला पकडली आणि किल्ला दिला नाही तर तोफेच्या तोंडी देऊ अशी धमकी दिली. शेख मिराने परशुरामपंतालाच कैद केले आणि किल्ला शाहूच्या हवाली केला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला शाहूचा राज्याभिषेक झाला.

घटना एवढीच. आता विचारतो : यात फितूर कोण?

२. चार गृहीतके

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. आमच्याकडे एखादे गृहीतक मांडले की पहिला प्रश्न येतो, 'ते खोटे ठरवायचे असेल तर काय दिसायला हवे?' मराठ्यांच्या यादवीबद्दल चार गृहीतके आपल्या समाजात चालतात. ती खेडच्या सेनापतींवर तपासून पाहू.

पहिले : निष्ठावंत विरुद्ध गद्दार. धनाजीने ताराबाईची शपथ मोडली, म्हणजे तो गद्दार. पण ज्या शाहूकडे तो गेला तो थोरल्या शाखेचा वारस, शिवाजी महाराजांचा नातू. मग धनाजी निष्ठावंत. दोन्ही वाक्ये एकाच माणसाबद्दल, एकाच दिवशी, तितकीच खरी आहेत. आणि हा धनाजी कोण? मोगलांच्या घोड्यांना पाण्यात ज्याचे प्रतिबिंब दिसायचे म्हणून आपण पोरांना गोष्ट सांगतो, तोच. त्या गोष्टीतला दुसरा, संताजी घोरपडे, १६९७ मध्ये नागोजी माने या मराठा सरदाराकडून मारला गेला. त्याआधी संताजी आणि धनाजी एकमेकांविरुद्ध लढले होते. ही दुसरी अर्धी गोष्ट आपण पोरांना सांगत नाही.

शंकराजी नारायण सचिवाचे उदाहरण तर मन विषण्ण करणारे आहे. राजारामाच्या काळात ज्या माणसांनी राज्य टिकवले त्यातला हा एक. त्याने ताराबाईला शपथ दिली होती. शाहू आला, बोलावणे आले. शपथ मोडवेना आणि शाहूवर शस्त्रही धरवेना. शेवटी त्याने भोरजवळ आंबवड्याला प्राण दिला. पुढे शाहूने सचिवपद त्याच्या लहान मुलाला दिले. फॉरवर्डमधल्या यादीत शंकराजीला कोणत्या रकान्यात घालणार?

दुसरे : हिंदू विरुद्ध मुसलमान. हे खरे असते तर सगळे सरदार ताराबाईकडेच राहायला हवे होते, कारण मोगलांशी ती लढत होती आणि शाहूला मोगलांनीच सोडले होते. तसे झाले नाही. उलट शाहूने औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीचे दर्शन घेतल्याचे इतिहासकार नोंदवतात. (हे आजच्या कबरफोड्यांना कोणी सांगेल का?) त्याच वेळी ताराबाईचा सातारा सांभाळत होता शेख मिरा. पुढे १७०९ च्या सुमारास बादशहा बहादूरशहाच्या दरबारात सरदेशमुखीच्या सनदेसाठी दोन्ही पक्षांनी अर्ज केले. झुल्फिकारखान शाहूची वकिली करत होता आणि मुनीमखान ताराबाईची! बादशहाने कोणाचीच बाजू पक्की केली नाही. तुम्ही आपसात ठरवा, असाच त्याचा अर्थ होता.

तिसरे : 'बामणी कावा'. हे आपल्याच बाजूच्या काही मित्रांचे आवडते गृहीतक, म्हणून स्पष्ट लिहितो. त्यांच्या मते कोकणस्थ बाळाजी विश्वनाथाने भोळ्या मराठा सेनापतीला फसवले आणि पेशवाईची पायाभरणी केली. आता बाजू मोजा. ताराबाईकडे परशुरामपंत, रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण हे ब्राह्मण. शाहूकडे परसोजी, नेमाजी, हैबतराव हे मराठे, खंडो बल्लाळ कायस्थ, बाळाजी ब्राह्मण. लढाईत ताराबाईसाठी जो शेवटपर्यंत लढला तो ब्राह्मण आणि जो सोडून गेला तो मराठा. शिवाय हे गृहीतक धनाजी जाधवाला मूर्ख ठरवते. अठरा वर्षे औरंगजेबाच्या सरदारांना झुलवणारा सेनापती आपल्याच कारकुनाच्या बोलण्याला भुलला? पुढे पेशवाईत जातीचे राजकारण काय झाले, अस्पृश्यांचे काय हाल झाले, यावर फुले-आंबेडकरांनी लिहिलेले आहे आणि ते पुसायचे नाही. पण पुढचे पाप मागच्या तारखेला चिकटवणे हा इतिहास नाही. तो सूड आहे.

चौथे : 'एकी नव्हती म्हणून'. हे सगळ्यात निरुपद्रवी वाटते आणि मला ते सगळ्यात घातक वाटते. एकी कोणाच्या हाताखाली? ताराबाईच्या शपथेत एकी होती आणि शाहूच्या बोलावण्यातही एकी होती. प्रत्येक दावेदार एकीच मागतो, म्हणजे माझ्यामागे या असे म्हणतो. 'एकी' हे भांडणाचे उत्तर नाही, भांडणाचा विषयच तो होता.

चारही गृहीतकांत एक साम्य आहे. निकाल काहीही लागला तरी ती बरोबरच ठरतात. जिंकलो तर निष्ठा, हरलो तर फितुरी. प्रत्येक निरीक्षणावर जे लागू पडते ते काहीच सांगत नाही.

३. मग सरदार का वळले?

वतन आणि सरंजाम. उत्तर कंटाळवाणे आहे, त्यावर पोवाडा होत नाही.

शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. मुलूख तोडून वंशपरंपरेने द्यायचा नाही, अशी धोरणाची दिशा होती. १६८९ नंतर राजाराम जिंजीला गेला, खजिना रिकामा, मुलूख मोगलांकडे. तेव्हा सरदारांना सांगण्यात आले की मोगलांकडून जिंकून घ्या, त्यातले वतन तुम्हाला. समोरून औरंगजेबही मनसब, जहागीर देत होता. म्हणजे एका तलवारीला दोन गिऱ्हाइके. या व्यवस्थेने राज्य वाचवले हे मान्यच करायला हवे. पण तिनेच प्रत्येक सेनापतीला स्वतःची फौज, स्वतःचा प्रदेश आणि स्वतःचा हिशेब दिला.

औरंगजेब मेला आणि मोगलांची मुख्य फौज उत्तरेला गेली. आता प्रश्न उरला की आपल्या सनदेवर कोणाचा शिक्का चालेल? हा प्रश्न डोक्यात ठेवून सरदारांकडे पाहा. मला तरी बरेचसे चित्र भूगोलानेच उलगडते. ज्यांचे हितसंबंध खानदेश-वऱ्हाडकडे, शाहूच्या वाटेवर, ते आधी मिळाले. परसोजीला पुढे सेनासाहेबसुभा हा किताब मिळाला. ज्यांची ठाणी पन्हाळा, बावडा, कोकण किनारा इकडे, ते ताराबाईबरोबर राहिले. रामचंद्रपंत राहिला. कान्होजी आंग्रे राहिला, आणि त्याने तर शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच कैद केले. मग १७१३ मध्ये पेशवा झालेल्या बाळाजी विश्वनाथाने त्याच्याशी बोलणी केली, किल्ले आणि सरखेलपद मान्य केले, आणि १७१४ मध्ये कान्होजी शाहूकडे आला. त्याच्या 'निष्ठेत' काय बदलले? काहीच नाही. सनद बदलली.

धनाजीचा मुलगा चंद्रसेन पाहा. १७०८ मध्ये धनाजी वारला, चंद्रसेन शाहूचा सेनापती झाला. बाळाजीशी वाकडे आले, १७११ मध्ये तो ताराबाईकडे गेला आणि तिथून निजामाकडे. निजामाने त्याला भालकीची जहागीर दिली. आणि प्रतिनिधी घराणे? परशुरामपंताला शाहूने पुढे सोडले आणि पदही परत दिले. त्याचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्याला प्रतिनिधी झाला, दुसरा कृष्णाजी कोल्हापूरकरांकडे, विशाळगडाला. एका घरात दोन्ही राज्यांची पदे! याला फितुरी म्हणायचे की विमा?

सगळ्यात बोलका पुरावा रामचंद्रपंत अमात्याचा. त्याच्या नावावरच्या 'आज्ञापत्रा'त वतनदारांविरुद्ध कडक इशारे आहेत, वंशपरंपरेने वृत्ती देणे राज्याला कसे बाधते ते सांगितले आहे. लिहिणारा स्वतः बावड्याचा जहागीरदार! त्याला रोग दिसत होता, पण त्या रोगावरच त्याचे घर चालत होते.

आंद्रे विंक या डच इतिहासकाराने १९८६ च्या आपल्या ग्रंथात हेच मोठ्या पटावर मांडले. आपल्या कागदपत्रांतला 'फितवा' हा शब्द त्याने अरबी 'फित्ना'शी जोडला आणि दाखवले की बाजू बदलणे, बोलणी करणे, फोडणे हा त्या काळच्या राजकारणातला अपवाद नव्हता. राज्य वाढायचे ते याच मार्गाने. त्याचे सगळे म्हणणे पटलेच पाहिजे असे नाही. पण मग त्याच्याशी वाद घालायला कागद वाचावे लागतात. यादी फॉरवर्ड करून भागत नाही.

४. ताराबाईला काय म्हणतात?

'महत्त्वाकांक्षी'. परसोजी, धनाजी, कान्होजी यांना आपण 'पराक्रमी', 'मुत्सद्दी' म्हणतो. त्यांच्याइतकाच हिशेब करणाऱ्या बाईला 'सत्तालोभी'.

तिचा मुद्दा काय होता तो ऐका. तिचे म्हणणे असे की संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य गेले. नंतर जे उभे राहिले ते राजारामाने आणि आम्ही लढून उभे केले, त्यावर शाहूचा हक्क कसा? शाहूचे म्हणणे असे की राजाराम माझ्या वतीने कारभार पाहत होता. राज्य रक्ताने मिळते की कष्टाने, असा हा वाद आहे आणि तो आजही कोणत्याही सभागृहात घालता येईल. ताराबाईने वाद घातला, हरली, पन्हाळ्याला गेली आणि स्वतंत्र गादी चालवली. १७१४ मध्ये तिची सवत राजसबाई हिच्या मुलाला गादीवर बसवून तिलाच कैदेत टाकण्यात आले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये कायमची मान्य झाली. १७५० मध्ये, पंचाहत्तरीत, तिने साताऱ्याला रामराजाला कैद करून पेशव्यांना पुन्हा आव्हान दिले. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांनी, ती वारली. आप्पासाहेब पवारांनी शिवाजी विद्यापीठात ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली म्हणून हे आपल्याला इतके तपशिलाने वाचता येते. पण शिवजयंतीच्या नाटकात ताराबाईला आपण फक्त १७०० ते १७०७ एवढीच सात वर्षे देतो. त्यानंतर ती गैरसोयीची होते.

५. किंमत कोणी दिली?

खेडला पोचायच्या आधी शाहूच्या वाटेवर पारद नावाचे गाव लागले. गावाने शाहूला विरोध केला, चकमक झाली, पाटील मारला गेला. तेव्हा त्याच्या बायकोने आपले तान्हे मूल शाहूच्या पायावर घातले. शाहूने ते मूल घेतले, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि पुढे तो अक्कलकोटच्या संस्थानाचा मूळ पुरुष झाला. आपण ही गोष्ट राजाच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो.

जरा उलटी करून वाचा. एक बाई. नवरा नुकताच मेलेला. तो ज्याच्या फौजेकडून मेला त्याच्याच पायावर मूल ठेवण्यावाचून तिला दुसरा मार्ग उरला नाही. आणि त्या मुलाला नाव मिळाले ते त्याच्या बापाच्या पराभवाचे : फत्ते. आईचे नाव आपल्या गोष्टीत नसतेच.

पारदच्या त्या पाटलाला कोणत्या यादीत टाकणार? त्याने आपल्या गावाच्या वेशीवर आलेल्या फौजेला अडवले. ती फौज शिवाजी महाराजांच्या नातवाची होती हे त्याला ठाऊक असेल किंवा नसेल. घोड्यांना दाणा आणि माणसांना धान्य गावातूनच जाणार होते, ते मात्र नक्की ठाऊक असणार. यादवीत सेनापती बाजू बदलू शकतो. गावाला बाजू बदलून कुठे जाता येत नाही.

६. आणि आज?

जून २०२२ पासून महाराष्ट्रात 'गद्दार', 'खोके', 'खंजीर' हे शब्द रोज ऐकू येतात. आधी शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. खरी शिवसेना कोणाची याचा निकाल निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, खरी राष्ट्रवादी कोणाची याचा फेब्रुवारी २०२४ मध्ये. दोन्ही वेळा शेवटी मोजली गेली ती आमदार-खासदारांची संख्या. खरा शाहू की तोतया शाहू, हा प्रश्नही असाच सुटला होता. ज्याच्याकडे जास्त सरदार, तो खरा.

इथे 'गद्दार' ही शिवी कोणाच्या कामाची आहे? ती दिली की कोणी विचारत नाही की पक्षात निर्णय कोण घेतो, तिकिटे कोण वाटतो, कारखाने, बँका, बिल्डर आणि आमदार यांची साखळी कशी चालते. म्हणजे आजचे वतन काय आहे, हा प्रश्न राहून जातो. चारित्र्याची चर्चा होते, व्यवस्थेची होत नाही. १७०७ बद्दल आपण जे करतो तेच २०२२ बद्दल करतो.

७. वेरिबीत बसून हे कशाला?

काहीजण विचारतील, 'अहो, इतक्या लांब राहून हे उकरायचे कशाला? पोरांना चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात.'

याला माझे उत्तर असे. वेरिबी हे नावच इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले आहे, अर्थ पाठीचा कणा. १८३६ साली या नदीच्या परिसरात, माउंट कॉट्रेलजवळ, चार्ल्स फ्रँक्स नावाचा मेंढ्यांचा मालक आणि त्याचा मेंढपाळ मारले गेले. त्याच्या सुडासाठी निघालेल्या टोळीने वाथाउरुंग लोकांची कत्तल केली. जवळच्या उपनगरांत आज आपली दोन-दोन गॅरेजची घरे आहेत. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये अशा लढायांना किती जागा द्यायची हा वाद अजून मिटलेला नाही. त्या वादात आपल्यातले बहुतेक लोक, चहाच्या कपावर का होईना, योग्य बाजूला असतात. 'ऑस्ट्रेलियनांनी आपला इतिहास प्रामाणिकपणे पाहायला हवा' असे आपण सहज म्हणतो. मग खेड, पारद, आंबवडे यांच्याबद्दल आपण का गप्प? गोऱ्यांनी आत्मपरीक्षण करावे आणि आपण फक्त ढोल-ताशे वाजवावेत, हे कोणते पुरोगामित्व?

आणि पोरांचे म्हणाल तर ती आपल्यापेक्षा पुढे आहेत. इथल्या शाळेत इतिहासाच्या तासाला त्यांना पहिला प्रश्न शिकवतात की हे तुला कोणी सांगितले आणि त्याला कसे कळले? शनिवार-रविवारच्या मराठी वर्गात आपण त्यांना सांगतो की विचारू नकोस, अभिमान बाळग. यातले कोणते शिक्षण ती फेकून देतील, याचा अंदाज बांधायला डॉक्टरेट लागत नाही.

'मग शूर माणसांचा अपमान करायचा का?' मुळीच नाही. धनाजी जाधवाने मोगलांशी दिलेली झुंज खेडने पुसली जात नाही. शूर माणूस हिशेब करतो, घाबरतो, घराचा विचार करतो आणि बाजूही बदलतो. हे सांगितल्याने तो लहान होत नाही, माणूस होतो. अपमान करतात ते लोक जे त्याला आधी देव करतात आणि देवपणात बसला नाही की फितूर ठरवतात.

म्हणून तीन मागण्या करतो.

एक : पुढच्या शिवजयंतीला आपल्या मंडळांनी एक तरी कार्यक्रम यादवीवर ठेवावा. खेडची लढाई, दोन्ही बाजूंनी. मुलांनाच दोन गट करून वाद घालू द्या, ताराबाईचा पक्ष आणि शाहूचा पक्ष. शेवटी कोण जिंकले ते परीक्षकांनी सांगू नये.

दोन : 'फितुरांची यादी' आली की पुढे पाठवू नका आणि गप्पही बसू नका. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : 'शंकराजी नारायण यात कुठे बसतो?' उत्तर आले तर चर्चा सुरू होईल. नाही आले तर निदान यादी तिथे थांबेल.

तीन : भारतातल्या ज्या संस्था 'इतिहास जागवण्या'साठी आपल्याकडे डॉलर मागतात, त्यांना विचारा की तुम्ही कोणती कागदपत्रे छापली? मोडीचे वर्ग घेता का? पुतळा आणि मिरवणूक एवढेच उत्तर आले तर पाकीट खिशात ठेवा. कागद जपणाऱ्यांना पैसे कमी पडतात, हे विसरू नका. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा नासधूस झाली ती पोथ्या-पुस्तकांचीच.

खेडच्या मैदानावर त्या दिवशी फितूर कोण होता, या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे असेल तर हे विचारा : कोणाला काय मिळणार होते, कोणाकडून काय जाणार होते, आणि ज्यांना कोणी विचारलेच नाही ते कोण होते? हे तीन प्रश्न १७०७ ला लागू आहेत आणि कालच्या बातमीलाही.

मतभेद असतील तर जरूर लिहा. शिव्या असतील तर निदान संदर्भासहित द्या!

आपला,
एक वेरिबीकर
(व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया)